चिमी आंटीची स्टेप

चिमी आंटीने डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट खालून धरलं, उचललं, डोळ्यांसमोर आणून त्याच्याकडे नीट बघितलं आणि सावकाश खाली ठेवलं, तेव्हा माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. चांगला गरम होता. पण भाजलं हे मला बऱ्याच वेळाने कळलं, कारण मी त्या हाताकडेच बघत राहिले होते. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये साड्यांच्या होलसेल दुकानावर एक आरसे लावलेला हॉल आहे, तिथे धर्मेशच्या लग्नातल्या संगीताच्या नाचांची तालीम मी घेत होते. धर्मेश म्हणजे नवरा मुलगा आणि चिमी आंटी त्याची मामी. मामीचा हात खाली पोचला, क्षणभर तिथेच राहिला, आणि मग तिने डावा खांदा असा काही उडवला, वर डोळाही मारला, की सगळ्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. "वन्स मोर, मामी, वन्स मोर!" स्पीकर ढणाढणा वाजत होता आणि त्याच्यावर ओरडून मी मोजत होते, फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. माझा आवाज चालूच राहिला, त्याला काही कळलंच नव्हतं. तो हात माझ्या बाबांचा होता.

नीट सांगते, नाहीतर कोणालाही वाटेल बाईचं डोकं फिरलंय. माझे बाबा, हेमचंद्र, अंबरनाथच्या आनंदनगरला एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होते. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, काठी टेकत घरातल्या घरात फिरतात. हात आला नाही, आणि बोलणं गेलं. एक 'बस' तेवढं राहिलं. भात पुरे झाला की बस, पंखा लावला की बस, पाहुणे येऊन बसले की त्यांच्या तोंडावरही बस. रोज सकाळी ते जेवणाच्या टेबलाशी बसतात आणि पहिलं काम हे करतात. डावा हात मांडीवर जातो, तिथे पडलेलं उजवं मनगट खालून धरतो, उचलतो. मग बाबा त्या हाताकडे बघतात. शेजारीण गावाला जाताना घराची चावी आपल्याकडे देते आणि आपण ती कुठे ठेवावी म्हणून विचार करत उभे राहतो ना, तसे. मग तो हात बशीच्या बाजूला टेबलावर ठेवतात, बोटं एकेक करून सरळ करतात आणि म्हणतात, बस. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी हे किती वेळा बघितलं असेल. पहिल्यांदा बघवत नव्हतं. मग बघितल्याशिवाय राहवेना. आणि मग एके दिवशी, लाज वाटली तरी सांगते, माझ्या मनात आलं की हे मी करणार.

त्याच्यावर मी माझा सोलो, एकटीचा नाच, उभा केला. त्याचं नाव 'ठेवणं'. त्यात संगीत नाही, बोल नाहीत, मोजणं तर नाहीच नाही. मी काही बाबांची नक्कल करत नव्हते, नक्कल काय कोणीही करतं. आपल्याच अंगाला लागलेली पण आपली नसलेली वस्तू किती जड असते, एवढंच मला शोधायचं होतं. पाठ कुठे वाकते, श्वास कुठे अडतो, मान कधी वळते. सगळा नाच त्या एका ठेवण्याकडे चालत जातो. हात जमिनीवर टेकतो, बोटं सरळ होतात आणि अंधार. लोकांना वाटतं कंटेम्पररी म्हणजे जमिनीवर लोळायचं आणि कोणालाही काही कळू द्यायचं नाही. वाटू दे. मला त्यात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी सापडलं होतं, आणि पुण्याहून सई नावाची बाई शनिवारी खास ते बघायला अंबरनाथला येणार होती. ती एका मोठ्या नृत्य महोत्सवासाठी निवड करते, माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान आहे. मी पाठवलेला छोटा व्हिडिओ बघून तिने फोन केला होता. म्हणाली होती, "बाकी सगळं सोडा, मला ते हात ठेवणं समोर बसून बघायचंय." त्या फोननंतर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले होते. संगीतवाल्या मॅडम म्हणून मरायचं नसेल तर हीच वेळ होती, पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता.

आणि तोच हात मी चिमी आंटीला देऊन टाकला होता. कधी दिला? खूप आठवल्यावर आठवलं. आदल्या तालमीला मामीच्या गाण्यात दोन ओळी रिकाम्या राहत होत्या. संगीताच्या धंद्यात अशा रिकाम्या जागांसाठी आम्ही फिलर ठेवतो. ज्यांना नाचता येत नाही, गुडघे गेलेत, गिरकी घेतली की भिंत धरावी लागते, त्यांच्यासाठी. बांगड्या मोजा, ओढणी झटका, व्याह्यांकडे बोट दाखवून नाक मुरडा. हे फिलर माझ्याजवळ मिसळणाच्या डब्यासारखे असतात, न बघता हात जातो आणि पाहिजे ते निघतं. त्या दिवशी एसी बंद होता, पोरं किंचाळत होती, धर्मेशची आई आणि काकू कोण पुढे उभं राहणार यावरून तोंड फुगवून बसल्या होत्या, आणि चिमी आंटी मधोमध उभी राहून विचारत होती, "मॅडम, मैं क्या करूं?" मी म्हटलं, हे करा, उचला, बघा, ठेवा. दिलं आणि वळले. माझ्या हाताने डब्यातून ते काढलं. ते त्या डब्यात कधी जाऊन बसलं होतं, देव जाणे.

तालीम संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "आंटी, वो हाथवाला बदलते हैं. इससे मस्त देती हूं आपको."

"क्यों? सबको तो पसंद आया."

"हां, पर थोडा सूट नहीं होता."

"किसको सूट नहीं होता?" चिमी आंटीने रुमालाने गळा पुसला. हसरी बाई, पण डोळे एकदम बारीक झाले. "मॅडम, इस खानदान में जितनी शादियां हुईं ना, सबमें मैंने पर्स संभाले हैं. नाचने जाती हैं तो सब मेरी गोद में पर्स रखके जाती हैं. चिमी, जरा पकडना. चिमी, जरा देखना. कल पहली बार किसी ने मेरे लिए सीटी बजाई. मेरे आदमी ने घर पे बोला, फिरसे करके दिखा. ये मेरी स्टेप है, मैं नहीं देती." तिने माझा गाल धरला आणि प्रेमाने दाबला. "आप और बना लोगी. आपका तो काम है."

हा माझ्या बापाचा हात आहे म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, फिर दिया क्यों, आणि तिचं बरोबरच होतं. जिज्ञासा, माझी असिस्टंट, कॅम्प तीनची सिंधी मुलगी, मराठी शाळेत शिकलेली, ती स्पीकरची वायर गुंडाळत उभी होती. तिने माझा सोलो दोनदा पूर्ण बघितलाय. मी तिला म्हटलं, "तुला ओळखू नाही आलं का गं ते?"

"आलं ना मॅम, एकदम लगेच."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम दिलीत. मतलब, एवढी भारी स्टेप आहे, लोकांनी बघितली तर चांगलंच आहे ना?" ती खरंच मनापासून बोलत होती. तिच्यावर ओरडण्यासारखं त्यात काहीही नव्हतं आणि म्हणूनच मला तिचं तोंड बघवेना.

अंबरनाथला परतताना रिक्षात मी मधल्या सीटवर अवघडून बसले होते. वालधुनी नदीच्या पुलावर नेहमीचा वास आला, जीन्स रंगवणाऱ्या कारखान्यांचा, सडक्या पाण्याचा, दोन्हीकडच्या प्रवाशांनी नेहमीसारखी नाकं धरली, आणि मी बघितलं तर माझी बोटं पर्सवर चालली होती. नाचणाऱ्यांना ही खोड असते. पूर्ण अंगाने न नाचता नुसत्या बोटांनी नाच आठवत बसायचं, त्याला आम्ही मार्किंग म्हणतो. आई म्हणते, "झालं हिचं टाइपरायटिंग सुरू." मी बोटं बघत राहिले. उचल, बघ, ठेव. आणि ठेवल्यावर माझी करंगळी उडाली, चिमी आंटीच्या खांद्यासारखी. मी मूठ घट्ट आवळली. शेजारची बाई म्हणाली, "पैसे पडले का हो?" मी म्हटलं नाही, काही नाही.

लहानपणी बाबा मला स्कूटरवर बदलापूरला हेंद्रेपाड्यात भरतनाट्यमच्या क्लासला न्यायचे. शिफ्टवरून थेट यायचे, अंगाला त्या रंगाचा आंबट वास, नखांच्या कडा पिवळ्या. क्लासच्या बाई आत काठी आपटायच्या आणि बाबा बाहेर स्टुलावर बसून मांडीवर तोच ताल धरायचे. त्यांना नाचातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मोजणं कळायचं. आयुष्यभर प्रेशर मोजलं, तापमान मोजलं, मिनिटं मोजली, तिथे एक आकडा चुकला तर माणसं भाजतात. घरी मी सराव करायचे तेव्हा ते जेवणाच्या टेबलावर उजव्या हाताने ठेका द्यायचे, ह्याच हाताने, ह्याच टेबलावर. "घसरलीस. परत." एवढंच म्हणायचे. मग मी बंगळुरूला गेले, दोन वर्षं तिथे नवा नाच शिकले, आणि तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की डोक्यातलं ते घड्याळ काढून फेका. महिनाभर मला पाऊल उचलता येत नव्हतं. मग एका दुपारी उचललं गेलं. कोणी एक म्हटलं नाही, दोन म्हटलं नाही, नुसता श्वास सुटला आणि त्याच्यामागे पाय गेला. पिंजऱ्याचं दार इतके दिवस उघडंच होतं असं वाटलं मला. सुट्टीत घरी आले, सोफा सरकवून नाचायला लागले, बाबांनी सवयीने टेबलावर हात ठेवला. मी म्हटलं, बाबा, आता असं मोजायचं नसतं. ते म्हणाले, "बरं," आणि हात उचलून खिशात घातला.

आणि ह्या बाईने, म्हणजे मी, पुढे आयुष्यभर काय केलं? फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट. कपाळ माझं! मोजलं की शरीर नोकर होतं असं मी वर्कशॉपमध्ये पोरांना सांगते आणि संध्याकाळी उल्हासनगरला जाऊन शंभर शरीरांना नोकरीला लावते. त्यातही मजा येते, नाही कशाला म्हणू? धर्मेशचे काका पोट आत घेऊन उडी मारतात तेव्हा मला हसू आवरत नाही, आणि त्या घराने मला कधी रिकाम्या पोटी पाठवलेलं नाही, दाल-पकवान खाऊनच उठायचं. पण रात्री डोळे मिटले की आकडे चालू होतात. भाजी चिरताना आठवर सुरी थांबते. जिना आठ-आठने चढते. एक ते 'ठेवणं' तेवढं आकड्यांपासून लपवून ठेवलं होतं, एवढीच एक खोली माझी होती आणि तिथे कोणाला चपला घालून येऊ देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंबरनाथ पश्चिमेच्या माझ्या भाड्याच्या हॉलवर गेले. खाली पिठाची गिरणी आहे, दुपारी ती बंद असते तेव्हाच शांत मिळतं. दार लावलं, पंखाही लावला नाही. सुरुवातीपासून नाचले. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि मला बरं वाटत होतं, म्हटलं, आहे, शाबूत आहे सगळं. मग ती जागा आली. डावा हात निघाला, मनगट खालून धरलं, आणि डोक्यात ते गाणं सुरू झालं. एखाद्या लग्नघराच्या गल्लीतून जातोय आणि कितीही लांब गेलं तरी ऐकू येतंय, तसं. मी थांबले, परत केलं. या वेळी गाणं नाही आलं, आकडे आले, सहावर उचललं, सातवर बघितलं. परत केलं. मुद्दाम उशिरा ठेवला हात, तर तो उशीरसुद्धा मोजून केलेला निघाला. मग मी चिडून वेगळंच काही करून बघितलं, हात आपटला, सोडून दिला, दाताने धरला. सगळं खोटं. आरशात एक घामेजलेली बाई स्वतःच्या हाताशी भांडत होती आणि मला तिची भीती वाटली. आपल्या घराची किल्ली कुलपात फिरेनाशी झाली की माणूस आधी किल्ली बघतो, मग कुलूप बघतो, मग दाराचा नंबर बघतो. मी जमिनीवर बसले. चार वाजता खाली गिरणी सुरू झाली आणि लादी थरथरायला लागली, तरी बसूनच राहिले.

मग एक विचार आला आणि मला धीर आला. छे, एवढं काय घाबरायचं? मूळ आहे ना घरी. बाबा रोज सकाळी टेबलाशी बसतात. त्यांना चिमी आंटी माहीत नाही, गाणं माहीत नाही. शनिवारी सकाळी सई यायच्या आधी मी दारात उभी राहून एकदा नीट बघेन, ते जड येणं, ते विचारात पडणं, ते बस, आणि तसंच उचलून हॉलवर घेऊन जाईन. झऱ्यावर जाऊन घागर भरून आणावी इतकं सोपं वाटलं मला ते. त्या धीरावर मी घरी आले.

दार उघडंच होतं, आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. आमच्या घरात हा आवाज मला ओळखूच आला नाही. बाबा सोफ्यावर होते, आई त्यांच्यासमोर मोबाइल धरून बसली होती, आणि बाबा हसत होते. झटक्यानंतर त्यांचं तोंड डावीकडे ओढलं जातं, त्यामुळे हसणं तिरकं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. मोबाइलमधून गाणं येत होतं आणि गाण्यावर माझा आवाज. फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट.

"अगं, जिज्ञासाने तालमीचा व्हिडिओ पाठवलाय," आई म्हणाली. "ती जाडी बाई कोण गं? काय गोड नाचते! सकाळपासून कितव्यांदा लावतेय मी. संपला की हे मोबाइलवर बोट आपटतात, परत लाव म्हणून. बघ, बघ, आता तिचा हात येईल हां, अहो, आला बघा!"

चिमी आंटीने हात उचलला, बघितलं, ठेवला, खांदा उडवला. बाबा खदखदून हसले. मला राग आला. इतका राग की मोबाइल हिसकावून घ्यावा वाटलं, आणि कोणाचा राग आला ते सांगायची सोय नव्हती. मी ह्याच खोलीत, हाच सोफा सरकवून, त्यांना 'ठेवणं' अख्खं नाचून दाखवलं होतं. जीव ओतून. तेव्हा त्यांनी बंद टीव्हीकडे बघत सगळं सोसलं आणि शेवटी म्हणाले होते, बस. ती शाबासकी होती की आता पुरे होती की ओळखलं मला, हे मी आजवर ठरवू शकले नव्हते. आणि ह्या चिमी आंटीला बघून हसतात! आपलाच हात आहे हे त्यांना कळत होतं का? आई म्हणाली, "किती महिन्यांनी हसले गं." मग मी मोबाइल नीट उभा राहावा म्हणून त्याच्यामागे डाळीचा डबा लावून दिला आणि कपडे बदलायला गेले.

शुक्रवार सगळा तसाच गेला. व्हिडिओ चालू होता, माझा तो चिरका आवाज घरभर फिरत होता, भांडी घासताना, आंघोळ करताना. मला किंचाळावंसं वाटत होतं पण किंचाळणं तर मोबाइलमध्ये चालूच होतं. कल्याणच्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीला सांगितलं होतं की कधीकधी आधी पाठ असलेलं परत येतं, आरती, गाणं, आकडे. आईने बिचारीने सगळं करून बघितलं होतं, सुखकर्ता म्हणून झालं, वार म्हणून झाले. "अहो, एक म्हणा, एक." बाबांनी पाण्याचा पेला ढकलून दिला होता. शिफ्ट इनचार्ज माणसाला एक म्हणा म्हटल्यावर तो काय करणार? त्यानंतर आम्ही नाद सोडला. बस तर बस, म्हटलं, घर चालतंय.

शनिवारी सकाळी सईचा मेसेज आला, कर्जत सोडलं म्हणून. मी आंघोळ करून, केस बांधून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई आत पोहे परतत होती. बाबा टेबलाशी येऊन बसले, काठी खुर्चीला टेकवली. डावा हात मांडीवर गेला. मनगट खालून धरलं. उचललं. बाबांनी त्या हाताकडे बघितलं, आणि मी श्वास धरला, म्हटलं, आता. पण त्यांनी ठेवला नाही. हात बशीच्या वर हवेत राहिला. ओठ हलायला लागले.

"फाइव्ह," बाबा म्हणाले.

आई झारा घेऊनच बाहेर आली. "काय? काय म्हणाले? अहो, काय म्हणालात?"

"सिक्स." शब्द स्वच्छ होता. आणि सूर माझा होता, स्पीकरवर ओरडताना शेवटचं अक्षर ओढते ना मी, तसंच ओढलेलं, माझा चिरका आवाज त्यांच्या घोगऱ्या गळ्यातून येत होता.

"सेव्हन," बाबा म्हणाले, आणि अडले.

पुढचं येईना. तोंड उघडं, जीभ वर लागलेली, कपाळाची शीर फुगलेली. डाव्या हातात धरलेला उजवा हात खाली येत नव्हता, कारण एट आल्याशिवाय तो खाली येणार नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी चुकले की टेबलापलीकडून बघायचे तेच डोळे, पण आता चुकणारे ते होते आणि सांगणारी मी.

"अगं म्हण ना!" आई रडत, हसत ओरडली. "अडलेत ते, बघतेस काय? म्हण ना पुढचं!"

मला माहीत होतं. जगात हा हात न मोजता ठेवणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते माझ्यासमोर बसून आकड्याची भीक मागत होतं. मी एट म्हटलं की 'ठेवणं' संपलं, ते मला परत कधीही सापडणार नाही, सईसमोर नाही, रिकाम्या हॉलमध्येही नाही. आणि म्हटलं नाही तर माझा बाप असाच हवेत हात धरून बसणार. हातातला फोन थरथरला, सईचाच असणार. मी दाराची चौकट घट्ट धरली होती. पोह्यांचा करपल्याचा वास यायला लागला होता. बाबांचा डावा हात दमला होता, दिसत होतं मला, कोपर खाली चाललं होतं, तरी ते सोडत नव्हते.

"एट," मी म्हणाले.

हात बशीच्या बाजूला टेकला. आणि बाबांचा डावा खांदा, तो चांगला खांदा, टुणकन उडाला. डोळाही मारला त्यांनी, दोन्ही डोळे मिटले गेले पण मारायचा होता एकच. आईने झारा टेबलावर टाकला, त्यांचं डोकं पोटाशी धरलं, "बोलले गं, बोलले," म्हणत राहिली, मग देवाकडे गेली, मग फोन शोधायला लागली. मी 'बस'ची वाट बघत उभी होते. एवढं तरी म्हणतील म्हणून. ते काही आलं नाही. बाबांनी उजवा हात ओढून परत मांडीवर नेला, परत खालून धरला, परत उचलला, आणि माझ्याकडे बघितलं.

"फाइव्ह," ते म्हणाले.

"सिक्स," मी म्हणाले.